पान चौदा

प्रिय चिमटाबाई,

जिंकलो! पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करावी हे मलाही कळतं, पण छातीत नगारा वाजत असताना गुडघ्यांबद्दल काय लिहू? रविवारी आमच्या युद्धखेळांच्या क्लबच्या अंतिम सामन्यात मी दंतवैद्याला हरवलं. अकरा वर्षं सलग करंडक घरी नेणारा माणूस तो. दात उपटावा तितक्या थंडपणे समोरच्याचं सैन्य उपटतो. या वेळी त्याची राजधानी पडली आणि ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या कोंदट खोलीत बावीस माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. तुझ्या बापाने अर्थातच भाषण केलं. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी लढाई ऐक.

लोक मला अजून विचारतात, की आयुष्यभर सभांमधून युद्धाविरुद्ध गर्जना करणारा तू, घरी टेबलावर युद्धं कसली मांडतोस? मी सांगतो, ती मांडली म्हणूनच गर्जना केली. ज्याने एकदा नकाशावर पुठ्ठ्याच्या चाळीस तुकड्या केवळ रसद पोचली नाही म्हणून उचलून डब्यात टाकल्या आहेत, तो चौकात उभा राहून सैन्य पाठवा म्हणून ओरडणार नाही. आणि आवडता खेळ कोणता, असं विचारलं तर माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. पहिला तो आरमाराचा, जमिनीवर पालथं पडून खेळायचा. तोफेचं अंतर सुतळीने मोजताना तुझ्या आईने माझ्या पाठीवरून पाय टाकून जावं आणि म्हणावं, ‘जहाज बुडालं की केर काढते.’ दुसरा लाकडी ठोकळ्यांचा. त्यात शत्रूच्या ठोकळ्यावरचा बळाचा आकडा त्याच्याकडेच तोंड करून असतो, आपल्याला नुसती पाठ दिसते. कामगार संघटनेच्या वाटाघाटी मी त्या खेळात शिकलो. पण तिसरा, सगळ्यांत लाडका, तो तुलाही माहीत आहे. ‘नदीकाठ’. षटकोनी घरांचा तो मळकट नकाशा, मधोमध नदी, डावीकडे दलदल आणि दोनशे बारा सोंगट्या.

त्या सोंगट्यांच्या कडा झिजू नयेत म्हणून मी त्यांना वॉर्निश लावलं होतं, आठवतं? घरभर आठवडाभर वास होता. तू आईचा भुवया कोरायचा चिमटा पळवून त्याने एकेक सोंगटी उचलायचीस, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून. तेव्हाच तुझं हे नाव पडलं. दहा वर्षांची होतीस. तू बोलायची नाहीस, चाल करायचीस. मी मात्र प्रत्येक चालीआधी घोषणा आणि चालीनंतर समारोप करायचो. जेवणाच्या टेबलावर आपली सैन्यं आणि तुझी आई ताटं घेऊन दारात, ‘तुमचा तह कधी होतोय ते सांगा, भात निवतोय.’

आता ती गोष्ट लिहितो, जी दर शनिवारी फोनवर आपण दोघंही टाळतो. माझी साखर किती, तुझ्या इस्पितळांना औषधांच्या गाड्या वेळेवर पोचल्या का, तिकडे थंडी कशी आहे, एवढं बोलतो आणि फोन ठेवतो. तेवीस वर्षं.

तू पंधरा वर्षांची होतीस. हमरस्ता सोडून तू तुझ्या तीन तुकड्या दलदलीतून घेऊन निघालीस. सहा चाली माझं लक्षच नव्हतं, किंवा मी हसत होतो. मागे प्रत्येक घरात आणखी एकेक दुबळी तुकडी ठेवत गेलीस, साखळीसारखी, माझ्या सैन्याला अगदी खेटून. सातव्या चालीला तू माझ्या राजधानीच्या पाठीशी होतीस. फासा हातात घेतलास, आणि मी उभा राहिलो. माझं उभं राहणं म्हणजे काय, हे तुला काय सांगायचं! नियम पुस्तिका उघडून मी पान तेरा गरजलो, ‘शत्रूच्या शेजारच्या घरातून रसद नेता येत नाही!’ तुझी रसद तुटलेली, म्हणून तुझा हल्ला बेकायदा. तू हळूच म्हणालीस, ‘बाबा, पुढचं पान बघा ना.’ मी म्हणालो, ‘पुस्तक मला पाठ आहे!’ आणि तुझ्या तुकड्या मी स्वतःच्या हाताने उचलल्या. तू फासा खाली ठेवलास. म्हणालीस, ‘बाबा, तुमचा आवाज जिंकला, तुम्ही नाही.’ त्यानंतर तू त्या टेबलावर फक्त जेवलीस. मी मात्र तो विजय नातेवाइकांत वर्षभर मिरवला.

गेल्या महिन्यात दंतवैद्याने माझ्याविरुद्ध नेमकी तशीच एक तुकडी वापरून रसद नेली. मी उभा राहिलो. पान तेरा गरजलो. त्याने स्वतःची पुस्तिका माझ्यापुढे सरकवली आणि शांतपणे म्हणाला, ‘काका, पान उलटा की.’ पान चौदा, पहिलीच ओळ. ‘मात्र त्या घरात आपली तुकडी उभी असेल, तर नेता येते.’

घरी येऊन माझी प्रत काढली. त्यात तेरानंतर थेट सोळा येत होतं! चौदा आणि पंधरा एकमेकांना चिकटलेली होती, माझ्याच वॉर्निशने; तू ती त्याआधीच वाचली असणार. तुझ्या आईने किटलीच्या वाफेवर धरून, बोथट सुरीने ती सोडवली. ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘पोरगी सांगत होती.’

मग मी अंतिम सामन्यात तुझी चाल खेळलो. ती मला पाठ होती, कारण तेवीस वर्षं मी तिला मनातल्या मनात तोड शोधत होतो. कधी सापडली नाही. दलदलीतून सहा चाली सरपटण्याचा धीर कोणालाच नसतो, म्हणून दंतवैद्याने तिकडे बघितलंही नाही. सातव्या चालीला त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. भूल न देता दाढ काढलेल्या माणसाचा!

आणि भाषण. मी म्हणालो, ‘ही चाल माझ्या मुलीची आहे. ती पंधरा वर्षांची असताना मी ती बेकायदा ठरवली. ती बरोबर होती, माझा फक्त आवाज मोठा होता.’ आणि खाली बसलो. मागून क्लबातला शिंपी ओरडला, ‘काका, संपलं? बरं आहे ना तुम्हाला?’ करंडकावर नाव कुणाचं कोरायचं विचारलं, तेव्हा तुझं दिलं. दंतवैद्यानेच स्पेलिंग विचारून लिहून घेतलं.

पण पोरी, हे पत्र करंडकासाठी नाही. गेले चार दिवस जेवणाच्या टेबलावर ‘नदीकाठ’ मांडलेला आहे. मी उचललेल्या तुझ्या तुकड्या एकेक करून, चिमट्याने, होत्या त्या घरांत परत ठेवल्या आहेत. तुझी आई ताट मांडीवर घेऊन जेवते आणि जन्मात पहिल्यांदा कुरकुर करत नाही. त्या हल्ल्यासाठी तुला फाशावर दोन किंवा त्याहून जास्त हवेत, एक पडला तरच मी वाचतो. फासा माझ्या मुठीत होता, टाकून बघावं तरी असं दहादा वाटलं, पण टाकला नाही. ती पाळी माझी नव्हती. तुझा तो लाल फासा या पाकिटात कापसात गुंडाळून ठेवला आहे. टाक. आणि शनिवारी फोनवर आकडा सांग, तब्येतीच्या आधी.

तुझाच,
राजधानी उघडी टाकून बसलेला,
बाबा