खुराड्याभोवतीची राख

प्रिय आत्याबाई,

आज सकाळी काबरी कोंबडी पिल्लं घेऊन पहिल्यांदा खुराड्याबाहेर आली. अकरा पिल्लं! तेरा अंड्यांवर तुम्हीच तिला बसवलं आणि चौथ्या दिवशी गेलात. तुमच्या हातचं शेवटचं काम पुरं झालं, हे सासूला कळवायला नको का? वाचता न येणाऱ्या बाईला पत्र कसलं लिहिते, असं म्हणाल. पण तुम्हाला वाचता येत नव्हतं, हा माझाच गैरसमज होता. कसा, ते सांगते.

रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की तुम्ही चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरायचात. सकाळी चहाच्या आधी तिथं उकिडव्या बसायचात, मान खाली, ओठ हलताहेत. मी बारावी शिकलेली! मला वाटायचं, कोंबड्यांना नजर लागू नये म्हणून तुमचा काही मंत्र असेल. लग्नाला नऊ वर्षं झाली, एकदाही विचारलं नाही. आणि तुम्ही तरी कुठं सांगितलंत?

गेल्या वर्षी यांनी वसमतहून जाळी आणून ठोकली. मी म्हटलं, आता राख कशाला, अंगण घाण होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जाळी तिच्या जागी, राख तिच्या जागी."

तुमच्या तेराव्याला अंगणात पंगत बसवायची होती. मी सगळं झाडून सारवून घेतलं. सरपणाच्या तुराट्यांची गंजी मधे येत होती, ती खुराड्यामागं नेऊन जाळीला टेकवली. हट्ट्याहून आलेल्या वन्संनी, तुमच्या लेकीनं, टोकलंही, की आई तिथं कधी काही ठेवू देत नव्हती. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तुराट्यांपाशी मुंगूस दिसलं. मुंगूस दिसणं शुभ! माझे तर डोळे भरून आले. तेरावा नीट पार पडला, तुम्ही तृप्त झालात, त्याचीच ही खूण वाटली. मी हात जोडले हो. चोराला हात जोडले!

तिसऱ्या दिवशी एक तलंग गायब. आता अंड्यावर येईल अशी चांगली भरलेली होती. जाळी धडधाकट, आत चार पिसं. काबरी टोपलीत तशीच बसून. पिल्लं निघायला तीन दिवस राहिलेले. तिला घरात आणावं तर अंड्यांवरून उठेल, अंडी गार पडतील. ठेवावं तर उद्या तिचीच पाळी. हे म्हणाले, कुत्रं असेल. मला मात्र वाटलं, मी तुमचा मंत्रच मोडला. संध्याकाळी हळद शिजवायच्या चुलवणातली राख आणली, चाळून पसरली आणि तुमची माफी मागितली.

उजाडताच आत गलका झाला. धावत गेले. कोंबड्या सगळ्या होत्या, काबरी पंख फुगवून बसलेली. आणि राखेवर पावलं! पाच बोटं, पुढं नखांचे बारीक टोचे. तुराट्यांखालून निघालेली, अर्धा फेरा घालून पुन्हा तुराट्यांखाली गेलेली. गंजी हटवली तर जाळीखाली उकरलेलं भोक. त्याला लपायला घर मीच बांधून दिलं होतं.

मी तिथंच उकिडवी बसले. इथून आलं, इथं थांबलं, इथून वळलं, असं पुटपुटायला लागले. माझेही ओठ हलत होते. आणि मग कळलं, आत्याबाई. तुम्ही मंत्र म्हणत नव्हतात. तुम्ही वाचत होतात!

आज बोका येऊन गेला, आज घोरपड फिरली, असं तुम्ही चहा पिताना सहज बोलायचात. आम्ही हसायचो, तुम्हाला स्वप्नं पडतात म्हणून. केवढं जग रोज सकाळी तुमच्या पायाशी उघडं असायचं! यांना पावलं दाखवली. हे राखेपाशी वाकले. मग म्हणाले, "आईला हे कोनं शिकवलं असंल गं?" मला काय ठाऊक?

भोकात दगड ठासले. चर खणून जाळी हातभर खाली गाडली, वर बोरीच्या काट्या टाकल्या. तुराट्या पार बांधावर नेल्या. मुंगूस त्यानंतरही दोनदा आलं आणि तसंच परत गेलं. राखेनंच सांगितलं.

आज काबरी पिल्लांना घेऊन उतरली ती थेट राखेवरूनच. इवल्या पावलांची ही गर्दी! चहा तसाच ठेवून मी बघत बसले. कुठलं पाऊल कुणाचं, काही अर्थ लागेना. तुम्ही असतात तर सांगितलं असतं.

संध्याकाळी त्यावर नवी राख चाळीन, रोज चाळीन. आणि तुमची सहा वर्षांची नात रेवा, ती कधी विचारते याची वाट मी बघणार नाही. उद्या सकाळी तिला शेजारी बसवून पहिलं पाऊल दाखवते. शब्द देते.

तुमची सून,
सुमन