दवंडीवाल्याची भाची

प्वेब्लो,
९ फेब्रुवारी

ती. फिलोमेना मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे मिळाले. एमेटनं ते हातात घातले आणि दिवसभर काढू दिले नाहीत. मार्लिनचे तिला घट्ट होतात, पण तुला सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगते आहे. ऑर्लँडो गॅलपच्या बाजूला रस्त्याच्या कामावर आहे, पोरं बाबाची वाट बघताहेत, शुक्रवारी घरी येईल.

आता खरी बातमी. मी बोलायला लागले आहे. आपल्या या आदिवासी गावात माझी ख्याती तुला माहीतच आहे, एस्तेरची मुलगी गुणी, तोंडातून शब्द नाही. शाळेत बाई मोठ्यानं बोल म्हणून ओरडायच्या, आणि आई गेली तेव्हा मी रडले नाही याचंसुद्धा सगळ्यांना कौतुक. तर त्या गुणी मुलीनं पॉडकास्ट सुरू केला आहे. रेडिओवर कार्यक्रम असतो ना, तसाच, फक्त तो फोनवर असतो आणि ज्याला जेव्हा हवा तेव्हा ऐकता येतो. घरात पोरांचा गोंधळ, म्हणून मी पिकअप नदीकाठच्या झाडांखाली नेते, काचा वर करते, ब्लँकेट पांघरते आणि फोनसमोर बोलत सुटते.

पहिल्यांदा एमेटच्या जन्मानंतरचे महिने सांगितले. मूल मांडीवर आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, पावाचं पीठ मळता मळता मी तशीच थिजून उभी राहायचे, ते सगळं. हे आजवर फक्त तुला लिहिलं होतं. वाटलं, चार बायका ऐकतील नि विसरून जातील. पण पलीकडच्या गल्लीतली व्हर्ना, जी दुकानात मला ओळखही देत नाही, ती मिरचीच्या रश्शाचं पातेलं घेऊन दारात उभी. म्हणाली, की माझंही थेट असंच झालं होतं, आता माझी नातवंडं शाळेत जातात, पण अजून कुणाला बोलले नाही. आम्ही दोघी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवलो.

आणि ऐक, गेल्या महिन्यात बर्फ पडत होता तेव्हा मी भीतभीतच फर्मिनमामांना विचारलं, की एखादी थंडीतली गोष्ट सांगाल का. गावाला दवंडी देणारा माणूस, आवाजाचा अभिमान तर आहेच. लगेच टोपी चढवून गाडीत येऊन बसले. कोल्ह्याची गोष्ट सांगितली. इतकी रंगली, की काचांवर वाफ धरली. ती मी लगेच पॉडकास्टवर लावली आणि सगळं गाव खूश आहे.

गुडघ्याला जप. माया करतेस तशीच करत राहा.

तुझी,
डेल्फीन


बार्स्टो,
३ मार्च

चि. डेल्फीन हिस,
अनेक आशीर्वाद.

मार्लिनला सांग, तुझी आई चहाडखोर आहे आणि नवे मोजे विणायला घेतले आहेत.

हॉस्पिटलच्या धुलाईघरातल्या यंत्रांनी माझे कान खाल्ले, म्हणून तर या गल्लीत अजून पोस्टाची तिकिटं घेणारी मी एकटीच. तुझा कार्यक्रम मला ऐकू येणार नाही, तेव्हा माझ्याकडून तुला टीकेचं भय नाही. पण मी युक्ती केली आहे. शेजारची लुर्डेस ऐकते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसते. एमेटच्या वेळचं ऐकताना ती रडली. तू पाव जाळलास त्या भागाला ती इतकी हसली, की कॉफी सांडली. मला तेवढं पुरतं. तुझ्या आईनं हे पाहिलं असतं तर तिला किती आनंद झाला असता, हे मी तुला सांगायलाच हवं.

फर्मिनचं नवल नाही. लहानपणी मी नि एस्तेरनं कुणाच्या तरी शेतातली कलिंगडं खाल्ली, तर या गृहस्थानं कुणी न सांगता गल्लोगल्ली ओरडून जाहीर केलं. पुढे गावानं त्याला तेच काम दिलं, एवढंच. थंडी सरायच्या आत त्याच्याकडून आणखी दोन-तीन गोष्टी काढून घे.

आहे तशी खुशालीत राहा आणि लिहीत जा.

तुझी,
फिलोमेनामावशी


प्वेब्लो,
१४ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे आणि ती मी तुलाच आधी सांगते आहे.

या महिन्याच्या सुरुवातीला सामाईक शेतावर गवत कापून गठ्ठे बांधायचं काम होतं. मामा फावडं घेऊन पाटात उभे होते. कामाला आलेल्या विल्बर्टनं गाडीची दारं उघडी टाकली आणि माझा पॉडकास्ट लावला, कौतुकानंच. आणि भर जुलैच्या उन्हात मामांना त्यांच्याच आवाजात कोल्ह्याची गोष्ट ऐकू आली. सगळ्यांचे हात थांबले. थंडीतली गोष्ट उन्हाळ्यात काढू नये, साप ऐकतात, हे आपल्याकडे अंगावरच्या पोरालाही ठाऊक. मी ती जानेवारीत त्यांच्याकडून घेतली, बर्फात लावली, सगळं रीतीनं केलं. पण एकदा लावलेली गोष्ट तिथेच राहते आणि जुलैतही बोलते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी ती तशीच सोडून दिली होती.

मामा पाटातून बाहेर आले, विल्बर्टच्या गाडीची किल्ली फिरवून आवाज बंद केला आणि चिखलाच्या पायांनी थेट माझ्या दारात. आत आले नाहीत. म्हणाले, की आयुष्यभर मी जे सांगितलं ते ज्या त्या वेळी सांगितलं आणि वाऱ्यावर सोडून दिलं, तू माझ्याच तोंडून मला खोटं पाडलंस. म्हणाले, की गावाला काय सांगायचं ते चालत, लोकांच्या डोळ्यांदेखत सांगावं, काचा लावून आत बसून बोलतं ते काय माणूस झालं? माझा आवाज त्यातून काढ, आणि तुझाही काढ. बंद कर हे सगळं.

कोल्ह्याची गोष्ट मी त्याच क्षणी काढली. पण त्याच आठवड्यात मामांच्या सरपणाखाली साप निघाला. कुणाला चावला नाही, आपल्या वाटेनं गेला, तरी गावानं जे बोलायचं ते बोललंच. आता मामा रविवारी जेवायला येत नाहीत. आई गेल्यापासून एकही रविवार चुकला नव्हता. त्यांची थाळी मी मांडते आणि पोरं माझ्याकडे बघतात.

मी गाडीकडे गेलेले नाही. व्हर्ना विचारून गेली, की पुढचं कधी. मी म्हटलं, बघू. खरं सांगते मावशी, आता कुठे आवाज फुटला होता. तो परत गिळवत नाही. पण मामांना तोडून बोलायचं तर कुणासाठी बोलायचं?

आपल्या गावच्या गव्हर्नरांनीही निरोप धाडला आहे. गावच्या मंडळापुढे ऑगस्टमध्ये बोलावलं आहे. काय करू ते लिही.

तुझी,
डेल्फीन


बार्स्टो,
२२ जुलै

चि. डेल्फीन हिस,
आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी कपाळाला हात लावला, मग स्वतःलाच शिव्या घातल्या. त्याच्याकडून आणखी गोष्टी काढून घे, असं लिहिणारी शहाणी मीच. इतकी वर्षं गावाबाहेर राहिलं की असं होतं.

फर्मिनचं बरोबर आहे. गोष्टीपुरतं. तुझी चूक मोठी आहे, पण तेवढीच आहे. त्याला ती तुझ्या सगळ्या बोलण्याएवढी करू देऊ नकोस. कोल्हा त्याचा, एमेट तुझा.

मंडळापुढे जा. मार्लिनला मांडीवर घेऊन अंग चोरून बसायचं नाही. तिथे बायका सहसा बोलत नाहीत, पण बोलावणं त्यांनी धाडलं आहे, तू काही घुसलेली नाहीस. चूक आधी कबूल कर, मग मान वर कर. आणि ती तुझी शाळेतली पुटपुट नको. बहिऱ्या मावशीशी बोलतेस असं समज.

फर्मिनला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात काय लिहिलं ते तो तुला सांगणार नाही आणि मीही सांगणार नाही.

धीर धरून राहा.

तुझी,
फिलोमेनामावशी


प्वेब्लो,
२९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. बोलून आले.

सगळे भिंतीच्या कडेनं बसले होते, मामा दाराजवळ, मांडीवर टोपी. गव्हर्नरांनी मला उभं केलं. आवाज कापला नाही, त्याचं मलाच नवल वाटलं. आधी म्हटलं, की गोष्ट सरत्या थंडीबरोबर काढायला हवी होती, ती मी काढली नाही, त्याची मला लाज वाटते, मामांची मी सगळ्यांपुढे क्षमा मागते. मग म्हटलं, की मामांची गोष्ट घेताना मी मामांना विचारलं होतं, पण माझ्या बाळंतपणाचं बोलायला मी कुणाला विचारू? ते माझ्या अंगावरून गेलं. त्यात गावाचं कुठलं गाणं नाही, कुठली पूजा नाही, ते मी कधी घेणारही नाही. पण माझं बोलणं ऐकून बायका एकमेकींच्या दारात जायला लागल्या आहेत. हे बंद करायचं असेल तर तुम्ही त्यांच्या दारात जाऊन सांगा, माझ्या नको.

मग सगळ्यांत म्हातारे, लोरेंझो आजोबा, त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, की पोरी, तुझ्या त्या यंत्राला थंडी पडलेली कळते का?

मी म्हटलं, यंत्राला नाही कळत, मला कळते.

त्यावर ते हसले, आणि मग एकेक जण बोलायला लागला. तुला आपली पद्धत ठाऊकच आहे, सगळ्यांचं एक झाल्याशिवाय कुणी उठत नाही. अंधारून आलं तेव्हा झालं. थंडीतल्या गोष्टी कडक थंडी पडल्यावर लावायच्या, थंडी सरल्याचा पहिला गडगडाट व्हायच्या आत काढायच्या, आणि ती जबाबदारी माझी. बाकीच्या बोलण्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही, आणि आपल्याकडे याचा अर्थ काय तो तुला सांगायला नको.

दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन नदीवर गेले. काच मात्र या वेळी थोडी खाली ठेवली.

एकच सलतं आहे. मामा सबंध वेळ एक शब्द बोलले नाहीत. बाहेर पडताना माझ्या अंगावरून गेले, थांबले नाहीत. मंडळानं हो म्हटलं, मामांनी नाही, आणि मला मंडळापेक्षा मामांचं हवं होतं.

लोभ तसाच ठेव.

तुझी,
डेल्फीन


प्वेब्लो,
१९ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गावच्या उत्सवाचं आधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं वाटत नव्हतं. ओव्हनभर पाव केले, आलुबुखारच्या गोड पोळ्या केल्या, दार दिवसभर उघडं, ओळखीचे-अनोळखी सगळे जेवून गेले. मामा विल्बर्टकडे जेवले. व्हर्ना भांडी घासू लागली आणि म्हणाली, की तुझा मामा म्हणजे जुना दगड आहे. मला ते आवडलं नाही, मी तिला तसं तोंडावर सांगितलं. बघ, मला आता हेही जमतं.

पॉडकास्ट जोरात आहे. बाहेरगावच्या लोकांची कुरकुर येते, की कोल्ह्याची गोष्ट कुठे गेली, आम्हाला हवी आहे. मी सांगते, थंडीत या.

आणि काल काय झालं ते ऐक. संध्याकाळी मामांची दवंडी कानावर आली. आवाज थकला आहे त्यांचा, तरी तीन गल्ल्या ओलांडून येतोच. म्हाताऱ्यांसाठी शनिवारी सरपण आणायला जायचं आहे, कुऱ्हाडी घेऊन या. जनावरांचा डॉक्टर येतो आहे, कुत्री बांधून ठेवा. मी पीठ मळत होते. आवाज आमच्या गल्लीत आला आणि आमच्या घरासमोर थांबला. मला वाटलं, खोकला आला असेल. मग ते आपल्या भाषेत, पूर्ण गळा काढून म्हणाले, की माझ्या बहिणीची मुलगी बोलते आहे. ती खरं बोलते. जिला मूल आहे तिनं ऐकावं, ज्यानं आईचं दूध प्यायलं आहे त्यानंही ऐकावं.

मी पिठाच्या हातांनी दारात. आजूबाजूच्या सगळ्या दारांत माणसं. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पुढच्या कोपऱ्यावर गेले आणि तिथे हेच परत सांगितलं. सगळ्या गावात सांगितलं, मावशी. मी तिथेच उंबऱ्यावर बसून आई गेली तेव्हाचं सगळं रडले.

दवंडी संपवून परत आले, टोपी काढली आणि विचारलं, की रस्सा उरला आहे का. दोन वाट्या खाल्ल्या. जाताना एवढंच म्हणाले, की फिलोमेनाला कळव, मी सांगितलं म्हणून.

तू त्यांना काय लिहिलं होतंस?

तुझी,
डेल्फीन


बार्स्टो,
२७ ऑक्टोबर

चि. डेल्फीन हिस,
पोटभर आशीर्वाद.

काय लिहिलं होतं ते आता सांगते. तुला माझ्या रुबेनचं माहीत नाही. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. माझं पहिलं मूल, सहा आठवड्यांचं, गेलं. लोकांनी माती दिली, जेवण आणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव कुणी घेतलं नाही. वाईट मनानं नव्हे, मला जपण्यासाठी. मीही गुणी मुलगी होते. त्या जपण्यात माझा जीव घुसमटला आणि मी निघून आले. गावात सांगतात, की नवऱ्याच्या नोकरीसाठी गेली. फर्मिनला मी एवढंच लिहिलं, की मी तेव्हा बोलू शकले असते तर तुझी एक बहीण आज तुझ्या शेजारी असती. एस्तेरची मुलगी तरी राहू दे.

लुर्डेसनं बसचं तिकीट काढून दिलं आहे. आठ नोव्हेंबरला अल्बुकर्कीला उतरते, ऑर्लँडोला घ्यायला पाठव. माझे कान गेलेत, तोंड शाबूत आहे. मला त्या गाडीत बसव, प्रश्न कागदावर लिहून दाखव, आणि मी फार मोठ्यानं बोलले तर बोलू दे. रुबेनचं नाव मला मोठ्यानंच घ्यायचं आहे.

आणि डेल्फीन, ही थंडीतली गोष्ट नाही. गडगडाट झाला तरी काढू नकोस.

तुझी,
फिलोमेनामावशी