आमच्या रक्तात साखर नाही

मी, वजनकाटे दुरुस्त करणारा, वय वर्षे एकाहत्तर, हे पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणी दडपण आणलेले नाही; आणायला घरात कोणी नाहीच. शरीर ठीक नाही, डोके ठीक आहे. आधीचे मृत्युपत्र रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे.

१. दुकानातील हत्यारे, पितळी वजनांची पेटी व चिमटा समोरच्या औषध दुकानदाराला द्यावा. वजने बोटांनी उचलू नयेत, हाताच्या घामाने ती खराब होतात. माझी शिडी नऊ वर्षे त्याच्याकडे आहे, ती आता त्याचीच. मात्र ती दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती, एवढे त्याने चारचौघांत कबूल करावे.

२. बँकेतील शिल्लकीतून घराचे गळके छत दुरुस्त करावे. उरेल ते नातीला. ती आठ वर्षांची आहे असे ऐकतो.

३. पत्नीचे शिवणयंत्र मुलाला द्यावे. ती दर गुरुवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगायची आणि जायची मुलाकडे. मला ठाऊक होते. परत आली की मी मान वर न करता विचारायचो, मैत्रीण बरी आहे ना? ती म्हणायची, बरी आहे. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. ती जाऊन तीन वर्षे झाली. आता गुरुवारी विचारायला कोणी नाही.

४. मुलगा का तुटला, हे माझ्या तोंडून नोंदलेले बरे. अकरा वर्षांपूर्वी त्याने लग्न ठरवले. मुलीला तरुणपणीच मधुमेह, तिच्या आईलाही. आमच्याकडे आजोबा, वडील, मी, सगळे चहात तीन चमचे साखर घालणारे आणि कोणालाच काही नाही. याचा मला भारी तोरा. मी तिच्या तोंडावर म्हणालो, "आमचं रक्त स्वच्छ आहे. त्यात ही साखर नको." मुलगा तिला घेऊन उठला तो आजतागायत आला नाही. मी तिला मागाहूनही 'साखरवाली'च म्हणत राहिलो.

गेल्या महिन्यात मला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, हाडांपर्यंत गेलेला. तरी डॉक्टरीणबाईंना मी ऐटीत सांगितले की साखर मात्र नाही हं. त्या म्हणाल्या, "काही जनुकं अशी असतात, की मधुमेहाचा धोका थोडा कमी करतात आणि याच कर्करोगाचा थोडा वाढवतात. तुमच्यात ती आहेत की नाहीत, मी सांगू शकत नाही, आणि एकट्या त्यांच्यावर काही ठरतही नाही. पण बापाला हा आजार असला की मुलाला धोका जास्त. त्याला वेळेत तपासायला सांगा."

माझे वडील लघवीच्या त्रासाने गेले. वय झाले, असे आम्ही म्हणालो होतो.

५. मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा आहे. घर त्याला द्यावे, पण रक्त तपासल्यावरच, असे मी आधी लिहिले आणि खोडले. अट दिसली की तो घरही सोडेल आणि तपासणीही. हट्टात माझ्यावर गेला आहे. माझा फोन तो उचलत नाही, पत्रे न उघडता परत येतात. म्हणून राहते घर मी माझ्या सुनेला देत आहे, कोणत्याही अटीशिवाय. तो तिचे ऐकतो.

सूनबाई, मी चुकलो. तुझ्यात काही खोट नव्हती. त्याला तपासणीला घेऊन जा. तुम्ही तिघांनी एकदा यावे असे फार वाटते, पण ते नंतर.

६. या कागदाची प्रत माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच सुनेला द्यावी. औषधवाला म्हणाला, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात." मी म्हणालो, "तोवर पोराला उशीर होईल." सून दर महिन्याला त्याच्याकडूनच औषधे नेते, माझे दुकान बंद असते त्या दिवशी, हे त्याने आज सांगितले. प्रत तो स्वतः आज तिच्या घरी जाऊन तिच्या हातात देईल. मी पाकीट घेतले, पेन उघडले आणि थांबलो. सुनेचे नाव मला त्याला विचारावे लागले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार

लिहून ठेवणार: वजनकाटेवाला (सही)
साक्षीदार १: समोरचा औषध दुकानदार (सही, शिडीबद्दल कबूल)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही)