नव्या बल्बचा पांढरा उजेड

बुधवार, संध्याकाळ

बसवला! माझ्या स्कूटरच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब मी स्वतः बसवला! जुन्या पिवळ्या दिव्यात नरडाण्याच्या कंपनीतून घरी येताना खड्डे दिसायचे नाहीत, म्हणून माझे सासरे, आबा, नोकरी सोड म्हणत होते. आज अंधार पडताच त्यांनाच मागे बसवून सोनगीरच्या रस्त्याला नेलं. केवढा पांढरा उजेड! पण समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने डोळ्यांवर हात धरला. माझं चुकलं का? तिथेच थांबून हेडलाइटचा स्क्रू फिरवला, झोत खाली आणला. त्यानंतर समोरून आलेला माणूस निवांत गेला. पांढरा उजेड आता फक्त रस्त्यावर!

सगळा रस्ता न्याहाळून आबा म्हणाले, "आते बठ्ठा रस्ता दिसस. उद्या टाईमवर निंघ, ड्युटी शे ना तुनी?"

हेल्मेटच्या आत मी घरापर्यंत हसत आले.