कौल न लावता

बेळगाव,
ज्येष्ठ वद्य दशमी, शके १८६१

ती. अण्णा,

तुमचं निपाणीचं कार्ड मिळालं. ‘वसुधेला गावातल्याच कॉलेजात घाला. पुण्याचा हट्टच असेल तर देवीला कौल लावा,’ असं लिहिलंत.

मी मॅट्रिक झाले तेव्हा बेळगावात कॉलेज नव्हतं. मला पुण्याला पाठवायचं का, म्हणून आप्पांनी कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली आणि उजवं पडलं. म्हणजे होकार. तेव्हा तुम्हीच म्हणालात, “आप्पा, फूल नीट बसलं नव्हतं. पुन्हा लावू.” दुसऱ्यांदा डावं पडलं. मी प्रसाद घेऊन घरी आले आणि तेवीस वर्षं त्या पहिल्या फुलाबद्दल कुणापाशी बोलले नाही.

काल त्याच देवळात रवळू गुरव फुलं भिजवून तयारच होता. हेही म्हणाले, “विचारून तर बघ गं. घरचं जेवण सोडून पोरीनं कशाला लांब जायचं?”

मी म्हणाले, “शंका असली तर देवीला विचारायचं. मला शंकाच नाही.”

रवळू हसला. “मग आक्का, ह्या फुलांचं काय करू?”

“पोरीला दे.”

वसुधेनं ती वेणीत माळली. आज सकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली. पोचवायला हेच गेलेत, डबाही मागून घेतला.

हे पत्र मी टाकणार नाही. बातमी तुम्हाला वसुधेच्या हातच्या कार्डानंच कळू दे, पुण्याचा शिक्का असलेल्या.

तुमची धाकटी,
द्वारका