अक्का, क्लॅम्प तयार होते

प्रिय अक्का,

जन्मात तुला कधी पत्र लिहिलं नाही. बंगळूरचं जयनगर ते होसकोटे, एवढ्याशा अंतरात पत्र कसलं लिहायचं? फोन होता, आणि शनिवारी तू स्वतः यायचीस. पण काल मी तुझ्या लॅबमध्ये जाऊन आलो. तू गेल्यावर अडीच महिन्यांनी! तिथे जे कळलं, त्यानंतर मला जेवण जाईना. सांगायचं कुणाला? म्हणून आज रविवारी, वर्कशॉप बंद असताना, लेथशेजारी स्टूल ओढून बसलोय.

आधी कबुली देऊन टाकतो. क्लॅम्प तयार होते. शेवटचे चार शनिवार तू विचारत होतीस ना, "काय रे पुट्टा, झाले का?" आणि मी म्हणायचो, "स्वल्प बाकी आहे, पुढच्या शनिवारी नक्की." खोटं! साफ खोटं! जोडी तेलाच्या फडक्यात गुंडाळून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती.

का, ते ऐकायचंय? त्या रश्मीमुळे.

हसू नकोस. रश्मी तुझी विद्यार्थिनी, बेळगावकडची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, हुशार, सगळं मान्य. पण तू तिच्याशी आपल्या घरचं मराठी बोलायचीस. आई-अप्पा गेल्यावर ते मराठी आपल्या दोघांपुरतं उरलं होतं. माझी पोरंसुद्धा मला कन्नडमध्ये उत्तरं देतात. आणि एकदा फोनवर मी कानांनी ऐकलं, तू तिला "पुट्टी" म्हणालीस. बावन्न वर्षं तुझा पुट्टा, तुझा छोटू मी, आणि ही कोण पुट्टी? त्या दिवशी मी एकाही गिऱ्हाइकाशी धड बोललो नाही.

जळका स्वभाव आहे माझा, माहीत आहे. लहानपणापासूनचा. अप्पांचा गुडघा आठवतो? जयनगरच्या मैदानावर बॉल बॅडमिंटन खेळताना एक गिरकी घेतली आणि खाली बसले ते बसलेच. लिगामेंट तुटलं, म्हणजे गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारी दोरीच तुटली, असं डॉक्टर म्हणाले. परत कधी कोर्टावर उभे राहिले नाहीत. तुला त्यातून आयुष्यभराचं काम मिळालं. आणि मला काय मिळालं? स्कूटरवर मागे बसवून त्यांना मालिशवाल्याकडे न्यायची ड्यूटी! आणि आल्यागेल्याला अप्पा सांगायचे ते तुझंच, "माझी मुलगी नवीन लिगामेंट तयार करणार आहे." मी तिथेच त्यांची चप्पल सरळ करत असायचो गं.

तुझं काम मात्र मला कळायचं. रामनगरच्या कोषांचं रेशीम घ्यायचं, दोरीसारखं वळायचं, त्यावर जिवंत पेशी पेरायच्या, आणि मशीनमध्ये लावून रोज हळूहळू ताणायचं, सोडायचं. ताणलं नाही तर पेशी वाटेल तिकडे पसरतात, ताणलं की ओळीत लागतात, हे तूच मला समजावलंस. त्या रेशमी तुकड्यांचाही मला राग यायचा. माझ्या मुलीच्या बारशाला तू अर्ध्या तासात उठलीस, का तर म्हणे पेशींचं पाणी बदलायचंय!

मग एक दिवस तू माझ्याकडे आलीस. पहिल्यांदा, कामासाठी. तयार तुकडा ओढून बघायचा, किती जोर सोसतो ते, आणि तो दरवेळी त्याला पकडणाऱ्या क्लॅम्पच्या तोंडाशीच तुटतोय म्हणालीस. तुकडा मधे तुटला तरच त्याची खरी ताकद कळते, तोंडाशी तुटला की चाचणी बाद. परदेशी क्लॅम्प होते तुझ्याकडे, चकचकीत. मी बोट फिरवलं आणि म्हटलं, "याचे दात चावतात अक्का." काय खूश झालीस तू!

ऐन चातुर्मासात आपण शेळीच्या पायातल्या चिवट शिरा क्लॅम्पमध्ये पकडून बघितल्या. आईने कांदासुद्धा घरात आणू दिला नसता, आणि आपण आइस्क्रीमच्या डब्यात शिरा घेऊन बसलेलो! मी बनवलेल्या पहिल्या जोडीत फार आवळलं गेलं, तुकडे परत तोंडाशीच गेले. "घट्ट धरायचं, पण चावायचं नाही," तू म्हणालीस. ती जोडी न्यायला मात्र तू रश्मीला पाठवलं होतंस. तिथेच माझं डोकं फिरलं. काम अडलं की अक्का येते, झालं की रश्मी येते!

म्हणून दुसरी जोडी मी दिली नाही. लाटेसारखे गोल दात काढले होते, हाताला मऊ लागणारे. पंचवीस वर्षांतलं माझं सर्वात चांगलं काम, आणि ते ड्रॉवरमध्ये! तू दोन बसा बदलून यायचीस, थर्मासमधून कॉफी आणायचीस. मी हाताचं ग्रीस धुऊन येईपर्यंत माझ्या ग्लासात साखर घालून ढवळून ठेवायचीस. तासभर बसायचीस. अप्पांच्या नकला करायचीस. तुझ्या कामाचा खोळंबा होतोय हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण वाटायचं, होऊ दे, अजून एक शनिवार.

पाचव्या शनिवारी देणार होतो, तुझी शपथ. मंगळवारी सकाळी तुझं हृदयच थांबलं.

गेल्या आठवड्यात रश्मीचा फोन आला. "काका, मॅडमनी दिलेलं काम झालं असेल तर न्यायला येऊ?" तिच्या हातात द्यायचं अजूनही जिवावर आलं. म्हटलं, "मीच आणतो." काल तुझ्या मशीनवर जोडी मी स्वतः बसवली. तुकडा रश्मीने लावला, लॅबमध्ये वाढवलेला, करंगळीपेक्षा बारीक. मशीन ओढायला लागलं. मी तोंडाकडे बघत होतो, सवयीने. तुकडा तट्ट ताणला, पांढरा पडला आणि तुटला. मधे! बरोब्बर मधे, अक्का! रश्मी ओरडली, "काका, मधे तुटला!" आणि माझा हात धरून रडायला लागली. आणि खरं सांगू? तेव्हासुद्धा मी जळलो. हे बघायला तू हवी होतीस, तर समोर ती होती.

मग मला राहवेना. तिथेच सांगून टाकलं की जोडी केव्हाच तयार होती, मीच दडवली. वाटलं, आता ही पोरगी भडकणार. ती डोळे पुसत म्हणाली, "माहीत आहे काका. मॅडमना दुसऱ्याच शनिवारी कळलं होतं. साखरेसाठी चमचा शोधताना ड्रॉवरमध्ये दिसले म्हणे."

"मग मागितले का नाहीत?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मग मागून घ्या ना, माझं काम अडलंय," रश्मी सांगत होती. "तर म्हणाल्या, नको पुट्टी, तो देईल तेव्हा देईल. तुला महिनाभर उशीर झाला तर चालेल ना? मला फार राग यायचा काका तुमचा. शनिवारी मॅडम लॅबमध्ये नसायच्याच."

म्हणजे मी तिच्यावर जळत होतो आणि ती माझ्यावर! आणि तू दोघांमध्ये बसून कॉफी ढवळत होतीस. अक्का, हे गुपितसुद्धा तू तिलाच सांगितलंस? मला का नाही? एकदा ड्रॉवर उघडून "दे" म्हणाली असतीस, तर मी लाजलो असतो, दिले असते, आणि मधे तुटलेला तुकडा तू बघून गेली असतीस. की मग शनिवार संपले असते, म्हणून तूही गप्प बसलीस?



वचन देतो ते ऐक. क्लॅम्पचं ड्रॉइंग मी रश्मीला देतोय, आणि बारक्या तुकड्यांसाठी तिसरी जोडी उद्याच लेथवर चढवतोय. दर शनिवारी थर्मास घेऊन लॅबमध्ये जाईन, तिच्याशी आपलं मराठी बोलेन. पुट्टी म्हणणं जमेल असं वाटत नाही, सरी, ठीक आहे, बघू. पण झालेलं काम परत कधी ड्रॉवरमध्ये ठेवणार नाही. तिथे आता फक्त चमचा आहे.

तुझा,
पुट्टा