आईची तिसरी पायरी

५ नोव्हेंबर

पुन्हा! पूर्वजांच्या देव्हाऱ्यातली भाताची वाटी आज फ्रिजमध्ये सापडली, अंड्यांच्या शेजारी. भातावर उदबत्तीची राख. आईला विचारलं. ती बघत राहिली — माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे. मग म्हणाली, "जेवलास का रे, नोबुयुकी?" सकाळपासून चौथ्यांदा.

ब्याऐंशी वर्षं झाली तिला. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

७ नोव्हेंबर

किटली जळून काळी ठिक्कर. संध्याकाळी आलो तर आईच्या बोटांना फडकं गुंडाळलेलं. "गॅस मी बंद केला," एवढंच म्हणाली. चालू कुणी केला होता ते नाही सांगितलं.

मी काम करतो त्या लाकडाच्या वखारीचे मुकादम इझुमोतो म्हणाले, "आईला शुश्रूषागृहात ठेव, बाबा. करवतीवर तुझं लक्ष नसतं हल्ली. एखाद दिवशी बोटं जातील, मग मी काय तोंड दाखवू तिला!"

९ नोव्हेंबर

नगर कचेरीत अर्ज दिला. सरकारी शुश्रूषागृहात जागा हवी तर तपासणीत सांभाळाच्या गरजेची तिसरी पायरी मिळावी लागते. त्याखाली मिळाली तर आठवड्यातून दोनदा बाई येऊन अंघोळ घालून जाणार, बस्स. तिसरीच हवी. अमिदा बुद्धाचं नाव घेतलं आणि लाज वाटली — आई आणखी बिघडलेली दिसू दे, असं मागत होतो!

१६ नोव्हेंबर

तपासणीच्या कुसाकाबाई येऊन गेल्या. आईच्या देखत तिच्या चुका कशा सांगायच्या? म्हणून इथे सगळे करतात तेच केलं — चिठ्ठी लिहिली. या वहीतूनच, तारखांसकट. बाई दारात बूट काढत होत्या तेव्हा हळूच हातात दिली.

आई पहाटेपासून तयार. केस विंचरलेले, जांभळा किमोनो. कचेरीचं माणूस आलं की आमची म्हातारी माणसं दहा वर्षांनी लहान होतात!

"आजी, सध्या ऋतू कुठला?"

"हिवाळा दाराशी आलाय. तुमचे पाय गारठलेत, मेजाखाली घाला. खाली शेगडी आहे."

जन्मतारीख सांगितली. हात वर केले. एका पायावर उभी राहिली! मला दातओठ खावेसे वाटले.

मग बाईंनी मला विचारलं, "हे कधीपासून चाललंय?" महिना जिभेवर होता, सापडेना. आईनेच सांगितलं, "ऑगस्टपासून."

२२ नोव्हेंबर

दोन रात्री आईला पदरचे पैसे भरून एका खासगी शुश्रूषागृहात पाठवलंय, राहून बघावं म्हणून. गाडीत बसताना माझी बाही धरली. "मी येईपर्यंत गॅसला हात लावू नकोस हं." मला हसू आलं. कोण कुणाला सांगतंय!

२३ नोव्हेंबर

सुट्टी. घरात एकटा. सकाळी भात ठेवला, उदबत्ती लावली. दुपारी बघतो तर वाटी नाही. बुटांच्या कपाटात मिळाली. आणि न्हाणीघराचा नळ सोडलेला — पाणी पार ओसरीपर्यंत.

दारांना आतून कडी होती.

"बाबा?" म्हणून हाक मारली. माझाच आवाज परका वाटला. मेलेल्यांची भीती मला नाही, लहानपणापासून रोज त्यांच्यापुढे बसतोय. भीती वाटली ती वाटी उचलल्यावर. कोमट होती.

२४ नोव्हेंबर

बाबांना भूक लागत असेल. आज दोन वाट्या ठेवल्या. दोन्ही गेल्या.

आई संध्याकाळी आली. पोचवायला आलेली बाई म्हणाली, "काही त्रास नाही हो आजींचा! उलट सगळ्यांची नावं पाठ." आईने आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहिला. मग अजून ओली असलेली ओसरी. फडकं घेऊन ती पुसायला बसली.

२५ नोव्हेंबर

वाटीचं आईला सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

३ डिसेंबर

कचेरीचं पत्र. पहिली पायरी! जागा नाही.

कुसाकाबाईंना फोन करून नाही नाही ते बोललो. "माझी चिठ्ठी वाचलीत तरी का?"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वाचली, नोबुयुकीसान. तुमच्या आईंनीही मी निघताना एक दिली होती. ती आपण समोर बसूनच बघू. उद्या येते."

४ डिसेंबर

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या मेजावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच तारखा. तीच वाटी, तीच किटली. आईच्या चिठ्ठीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माझं नाव.

खाली तिच्या ठाम अक्षरात: "मुलगा एकोणपन्नासचा आहे. या विसरण्याच्या आजाराला चाळिशीनंतर अर्ज करता येतो म्हणतात. त्याच्या देखत बोलवत नाही, म्हणून लिहिते. त्याची सोय होईपर्यंत मला कुठे पाठवू नका."